पेंढ्याची चुंबळ, चार मेणबत्त्या

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल, वरून. पसरलेली वर्तमानपत्रं. दोन म्हातारे हात.)

हॅम्बुर्ग. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. सकाळचे साडेनऊ वाजलेत, पण स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो आहे.

टेबलावर हिरव्या फांद्यांचा ढीग आहे, झाडं छाटायची कात्री आहे, हिरव्या बारीक तारेचं रीळ आहे, आणि एक चुंबळ. हो, चुंबळच. डोक्यावर हंडा घेताना ठेवतात तशी. फक्त कापडाऐवजी पेंढ्याची, दोऱ्याने करकचून आवळलेली, आणि जेवणाच्या ताटाएवढी.

हे हात आमच्या तळमजल्यावरच्या शेजारणीचे. इथे शेजाऱ्यांना आडनावाने हाक मारायची रीत आहे, आणि मी ती चारचौघांत पाळते. मनात मात्र त्या आजीच.

आजी आज जे बांधणार आहेत त्याला मराठीत काय म्हणायचं, इथेच माझी गाडी अडली. शब्दकोशात ‘पुष्पचक्र’ सापडतं. पण पुष्पचक्र म्हटलं की आपल्याला हुतात्मा स्मारक दिसतं, बिगूल ऐकू येतो, मान खाली घालून उभे असलेले अधिकारी आठवतात. नाताळाच्या टेबलावरच्या वस्तूला तो शब्द लावायला जीभ रेटत नाही. जर्मनांना ही अडचण नाही. त्यांचा शब्द एकच, ‘क्रान्त्स’. कबरीवर ठेवतात तो क्रान्त्स, आणि नाताळाच्या आधी चार रविवार घरात ठेवतात तोही क्रान्त्सच.

आणि नुसता शब्दच एक नाही.

(दृश्य: ओल्सडॉर्फची दफनभूमी. धुकं. ढकलगाडीत फांद्या.)

हा मागचा रविवार. जागा ओल्सडॉर्फ, जगातल्या सर्वांत मोठ्या दफनभूमींपैकी एक. इतकी मोठी की आत बस धावते. नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ म्हणजे आगमनकाळ; त्याचा पहिला रविवार यायच्या बरोबर आठवडाभर आधी इथले प्रोटेस्टंट लोक ‘टोटेनझोनटाग’ पाळतात, म्हणजे मृतांचा रविवार. १८१६ साली प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने हा दिवस नेमून दिला. त्या दिवशी घरची माणसं कबरींवर जातात, वाळलेली फुलझाडं काढतात आणि माती फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांनी झाकतात. खालच्या कंदांना हिवाचा तडाखा बसू नये हे व्यावहारिक कारण. पण यजमानांच्या कबरीवर फांद्या अंथरताना आजी प्रत्येक फांदीची पालथी बाजू खाली करत होत्या, कडेच्या फांद्या हाताने दाबून पाहत होत्या. पांघरूण घालणाऱ्या माणसाचे हात कसे चालतात ते कोणालाही ओळखता येतं.

उरलेल्या फांद्या त्यांनी पिशवीत भरून घरी आणल्या. त्याच आज टेबलावर आहेत.

मला यात काही विचित्र वाटलं नाही. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी घट बसतात. इथे मध्ये आठवडा जातो, एवढंच. जुन्या वळणाच्या घरांत मृतांच्या रविवारच्या आधी नाताळाचा एक दिवाही लागत नाही. दुकानांना ही शिस्त लागू नाही. तिथे नाताळाचे मसाल्याचे केक सप्टेंबरमध्येच मांडून बसलेले असतात.

(दृश्य: तीन फांद्या शेजारी शेजारी. बोट सुयांवरून फिरतं.)

आता फांद्या ओळखू या, कारण अर्धं काम तिथेच बनतं किंवा बिघडतं.

पहिली स्प्रूसची. सुई टोकदार, चौकोनी, बोटाला टोचणारी. दुसरी फरची. सुई चपटी, टोक बोथट. स्प्रूस टोचतं, फर टोचत नाही, असं इथल्या पोरांना यमक जुळवून शिकवतात. स्प्रूस स्वस्त मिळतं, पण घरातल्या कोरड्या उबेत आठवड्याभरात सुया गाळायला लागतं. चार आठवडे टिकायचं असेल तर फरच हवं. त्यातही आजींच्या टेबलावर दोन जाती आहेत. एक नॉर्डमान, वरून गडद चकचकीत आणि सुई उलटी केली की पोटाला दोन पांढऱ्या रेघा. दुसरी नोबिलिस, निळसर राखाडी झाक असलेली. बाजारात येणारा असा बराच हिरवा माल डेन्मार्कच्या लागवडीतला असतो.

नॉर्डमान मूळचं इथलं नाही, कॉकेशसच्या डोंगरांतलं. लागवडीसाठी त्याचं बरंच बी आजही जॉर्जियातल्या आंब्रोलाउरीच्या परिसरातून येतं. सप्टेंबरमध्ये तिथली माणसं जुन्या उंचच उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढतात आणि शंकू तोडून खाली टाकतात. चढायलाच हवं. फरचा शंकू फांदीवर उभा वाढतो, आणि पिकला की जागच्या जागी खवलाखवला सुटून जातो. अख्खा असा तो खाली पडतच नाही. जंगलात पायाखाली सापडणारे शंकू स्प्रूसचे किंवा पाइनचे. सजावटीत फरच्या फांद्यांवर लोक हौसेने जे शंकू बांधतात, ते त्या झाडाचे नसतातच.

आणि आपल्याकडे? वसईच्या एका मैत्रिणीच्या घरी मी लहानपणी पाहिलेलं नाताळाचं झाड सुरूचं होतं. समुद्रकिनाऱ्यावरचं आपलं सुरू. त्याच्या त्या लांब हिरव्या सुया म्हणजे पानंसुद्धा नव्हेत, बारीक डहाळ्या आहेत. पानं पेरापेरावर खवल्यांएवढी उरलेली. फरशी त्याचं नातं काहीच नाही. पण नाताळ छान झाला होता.

(दृश्य: कात्री. फांदीचा शेंडा तुटतो. जवळून.)

आजी फांद्यांचे शेंडे छाटतात. प्रत्येक शेंडा वीतभराहून थोडा कमी, बारा-पंधरा सेंटिमीटर. जाड देठ बाजूला, नुसते कोवळे शेंडे एका ओळीत. तासभर हेच चालतं. बोलणं नाही, फक्त कात्रीचा आवाज.

मग तार. तारेचं टोक चुंबळीला दोन वेढे देऊन पिळून पक्कं करायचं. आता रीळ उजव्या हातात, आणि ते शेवटपर्यंत खाली ठेवायचं नाही. तार मध्ये तोडायचीही नाही. पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत एकच तार.

डाव्या हाताने दोन-तीन शेंड्यांची जुडी करायची. ती चुंबळीवर ठेवायची आणि देठांवरून तारेचे दोन वेढे घ्यायचे, ओढून. पुढची जुडी आधीच्या जुडीच्या देठांवर अशी येते की तार झाकली जाते. कौलांवर कौल चढतं तसं. एक जुडी बाहेरच्या अंगाला, एक माथ्यावर, एक आतल्या अंगाला, आणि पुन्हा बाहेर. बाहेरचे शेंडे लांब, आतले आखूड. आत लांब शेंडे घेतले की मधलं भोक बुजतं.

तोंडं सगळी एकाच दिशेला.

(दृश्य: हात चुंबळ फिरवतात. हिरवा भाग वाढत जातो.)

हे पाहताना मला माझी मावशी आठवत होती. वेंगुर्ल्याकडे आमच्या घरी अबोलीचे, सुरंगीचे वळेसर व्हायचे. मावशी ओटीवर बसून केळीच्या सोपाचा ओला दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि फुलामागून फूल त्यात गुंतवत जायची. तिथेही तेच. देठावर पुढचं फूल, दोरा दिसता कामा नये, आणि हात एकदा सुरू झाला की मध्ये थांबायचं नाही. कोणी हाक मारली तरी मावशी तोंडाने उत्तर द्यायची, मान वर करायची नाही.

आजींना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “आणि तो किती दिवस टिकतो?”

“एक संध्याकाळ,” मी म्हटलं.

त्यांनी हातातली तार ओढली आणि म्हणाल्या, “मग तुमच्या मावशींना तार आवळायची चिंता नसेल.”

खरं आहे ते. सगळी गोम आवळण्यात आहे. फांदी वाळते तशी देठं आकसतात, आणि शनिवारी घट्ट वाटलेला वेढा पुढच्या रविवारी सैल होतो. मी पहिल्या वर्षी एकटीने बांधला होता तेव्हा हाताला लागेल म्हणून तार हळूच ओढली. दुसऱ्या रविवारी उचलायला गेले तर दोन जुड्या हातात आल्या आणि बाकीचा टेबलावरच राहिला.

तारेपेक्षा त्रास देतो तो चीक. फरच्या देठातून डिंकासारखा राळेचा चीक येतो आणि बोटं एकमेकांना चिकटतात. साबणाने तो हलत नाही. आजी बोटांना लोणी चोळतात आणि मग धुतात. फणस कापण्याआधी विळीला आणि हातांना खोबरेल लावणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे या बाबतीत मला शिकवायचं काही उरलं नव्हतं.

चुंबळीच्या तळाला फांद्या बांधत नाहीत. हा क्रान्त्स दारावर टांगायचा नाही, टेबलावर ठेवायचा आहे, तो सपाट बसला पाहिजे. आणि सर्वांत नाजूक जागा शेवटी. फेरी पूर्ण झाली की अगदी पहिली जुडी अलगद उचलायची, शेवटच्या जुडीचे देठ तिच्या पोटाखाली सारायचे, तार तिथेच फिरवून मागे आणायची आणि पिळून टोक पेंढ्यात खुपसायचं. जमलं, तर सुरुवात कुठे झाली ते दिसत नाही. आजींचं जमतं. माझ्यात अजूनही बोट ठेवून दाखवता येतं.

(दृश्य: जुनं लाकडी चाक. अंधाऱ्या दालनात पेटत्या मेणबत्त्या.)

आता याच शहरातली एक जुनी गोष्ट.

हॉर्न तेव्हा हॅम्बुर्गबाहेरचं खेडं होतं. १८३३ साली योहान हिनरिश विखर्न नावाच्या पंचविशीतल्या धर्मशास्त्राच्या पदवीधराने तिथे ‘राउहेस हाउस’ ही संस्था सुरू केली. शहराच्या गरीब वस्त्यांत वाऱ्यावर सोडलेली मुलं तिथे राहायची, शिकायची, हाताला काम शिकायची. संस्था आजही चालू आहे. डिसेंबर लागला की मुलं रोज एकच विचारायची, नाताळ किती दिवसांवर? ज्याच्या घरात गणपतीच्या आधी महिनाभर हा प्रश्न झाला असेल, त्याला विखर्नची दशा कळेल.

विखर्नने १८३९ साली गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर मेणबत्त्या बसवल्या आणि ते प्रार्थनेच्या दालनात टांगलं. वीस लहान तांबड्या, चार मोठ्या पांढऱ्या. रोज एक जास्त लावायची. रविवारी पांढरी, इतर दिवशी तांबडी. वीसच का? १८३९ मध्ये १ डिसेंबर रविवारी आला होता. तिथपासून २४ तारखेपर्यंत दिवस चोवीस, त्यात रविवार चार. उरले वीस.

म्हणजे तो दागिना नव्हता. ते कॅलेंडर होतं, आणि तेही दर वर्षी बदलणारं. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कधीही येतो. २०२२ साली तो २७ नोव्हेंबरला आला, तेव्हा वाट पाहायला अठ्ठावीस दिवस मिळाले. पुढच्याच वर्षी ३ डिसेंबरला, म्हणून बावीसच, आणि चौथा रविवार आला थेट २४ तारखेला. त्या वर्षी चौथी मेणबत्ती आणि नाताळाचं झाड एकाच संध्याकाळी.

विखर्नच्या चाकावर हिरवं काहीच नव्हतं. फरच्या फांद्या आल्या त्या सुमारे १८६० पासून. घरोघरच्या टेबलांवर गाडीचं चाक मावेना, म्हणून आठवड्याच्या तांबड्या मेणबत्त्या गळाल्या आणि रविवारच्या चार राहिल्या. रीत प्रोटेस्टंटांची; कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्ये ती पोहोचायला १९२५ साल उजाडलं.

(दृश्य: गॅसची ज्योत. लाल होणारी तार. मेणात शिरताना धूर.)

चार मेणबत्त्या बसवायच्या कशा? दुकानात खिळ्याच्या वाट्या मिळतात. आजी जाड तारेचे तुकडे गॅसवर तापवून मेणबत्तीच्या बुडात खुपसतात, प्रत्येकीत तीन. मेण थिजलं की तार पक्की. मग त्या तारा फांद्यांमधून थेट पेंढ्यात. मेणबत्ती हलवून पाहतात, वरून दाबतात, पुन्हा हलवतात.

एवढी काळजी घ्यायचं कारण आहे. आज या फांद्या ओल्या आहेत. चौथ्या रविवारपर्यंत त्या दिसतील हिरव्याच, पण आतून खडखडीत वाळलेल्या असतील, आणि वाळलेलं राळेचं लाकूड पेटतं तेव्हा भडकाच उडतो. दर डिसेंबरात इथले अग्निशामक हेच बजावून सांगतात. म्हणून आजी रात्री क्रान्त्स बाल्कनीत थंडीत ठेवतात, सकाळी त्यावर पाणी फवारतात, मेणबत्ती दोन बोटं उरली की विझवतात. आणि मेणबत्ती पेटलेली असताना खोलीतून उठत नाहीत, दाराची घंटा वाजली तरी. दोनदा मी बाहेर उभी राहिले आहे.

(दृश्य: रविवार. खिडकीबाहेर निळा अंधार. टेबलावर क्रान्त्स, कॉफी, दोन कप.)

दुसरा दिवस. दुपारचे चार. सूर्य मावळतो आहे, ढगांमुळे तो दिवसभर दिसलाच नव्हता.

वर्तमानपत्रं उचलली गेली आहेत, टेबलावर पांढरं कापड आलं आहे. मधोमध क्रान्त्स, चार लाल मेणबत्त्या, चारही एका उंचीच्या. उद्यापासून त्या तशा राहणार नाहीत. पहिली चारही रविवार जळेल, चौथी एकच. नाताळाला त्यांची चार पायऱ्यांची उतरंड झालेली असेल.

आजींच्या घरात पहिली मेणबत्ती सर्वांत धाकट्याने लावायची रीत आहे. मुलं म्युनिकला, नातवंडं त्याहून लांब. त्यांनी काडेपेटी माझ्यापुढे सरकवली. माझं वय शेहेचाळीस.

काडी ओढली. वात आधी तडतडली, मग सरळ झाली. आजींनी कपात कॉफी ओतली, क्रान्त्स दोन बोटं स्वतःकडे फिरवला, जोड शोधत बारकाईने पाहिलं, आणि कापडावर पडलेली एक सुई उचलून बशीत ठेवली.

“एक,” त्या म्हणाल्या.

मेणबत्ती मोजली की सुई, ते मी विचारलं नाही.