डबीतला कापूर जातो कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीचे दिवस. आरतीला सगळे उभे राहिलेत, टाळ हातात आहेत, आणि कापराची डबी उघडावी तर मूठभर वड्यांच्या जागी दीडच वडी! असं ज्यांच्या घरी कधी झालं नाही, अशी घरं थोडीच. मग विचारणा सुरू होते, कुणी घेतला, कुणी वापरला. कुणी वापरलेला नसतो. झाकण सैल राहिलेलं असतं आणि कापूर उडून गेलेला असतो. माझी आजी डबीत चार काळे मिरे टाकून ठेवायची. मी पुढे रसायनशास्त्र शिकलो, बरीच वर्षं शिकवलं, आणि आता एवढं सांगू शकतो की मिऱ्यांपेक्षा झाकण घट्ट असणं महत्त्वाचं. डबी बंद असली की कापराची वाफ आतच कोंडते, आणि आतली हवा त्या वाफेनं भरली की कापूर झिजायचा थांबतो. झाकणाच्या आतल्या बाजूला कधीकधी बारीक चकाकते कण दिसतात ना? तो उडालेला कापूरच. पुन्हा घट्ट होऊन तिथं बसलेला.

घट्ट पदार्थ मध्ये पातळ न होता सरळ वाफ होऊन जातो, याला शाळेच्या पुस्तकात संप्लवन म्हणतात. नाव पाठ असतं सगळ्यांचं. पण मीठ उडत नाही, साखर उडत नाही, मग कापरालाच ही घाई का?

उत्तर त्याच्या रेणूच्या आकारात आहे. कापराच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. त्यातले सहा कार्बन मिळून एक कडं तयार होतं, आणि या कड्याच्या समोरासमोरच्या दोन टोकांना जोडणारा आणखी एका कार्बनचा पूल असतो. परडीला वरून कडी असते, तसा. त्यामुळे हा रेणू चपटा किंवा लांबट न राहता गोलसर होतो. विटा एकावर एक रचल्या की भिंत उभी राहते. बोरांची रास केली तर जरा धक्का लागताच घरंगळते. कापराचे रेणू बोरांसारखे. एकमेकांना सैल धरून बसलेले, आणि आपल्या घरातल्या साध्या उबेनंही सुटून हवेत जाणारे.

कापूर साधारण १७८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि २०५ अंशांच्या आसपास उकळतो. म्हणजे पातळ अवस्थेत तो राहतो जेमतेम पंचवीस-तीस अंश! पाणी शंभर अंश राहतं. याच सैल बांधणीमुळे कापरात दुसरा पदार्थ किंचित जरी मिसळला, तरी त्याचा वितळणबिंदू भराभर खाली येतो. पाण्याचा गोठणबिंदू जितका उतरेल, त्याच्या जवळजवळ वीसपट. १९२२ साली कार्ल रास्ट या रसायनशास्त्रज्ञानं याचाच उपयोग करून, वितळणबिंदू किती उतरला त्यावरून, अनोळखी पदार्थाचं रेणुवजन काढायची पद्धत दिली. काचेची केसासारखी नळी, चिमूटभर कापूर आणि एक साधा तापमापक. महागडी यंत्रं नसलेल्या प्रयोगशाळेत एवढ्या सामानावर रेणूचं वजन कळावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता ताम्हनातल्या ज्योतीकडे बघू. कापूर जळतो आणि मागे काही उरत नाही, असं आपण म्हणतो. राख उरत नाही हे खरं, कारण राख होण्याजोगे क्षार त्यात नसतातच. पण काजळी धरते, भरपूर धरते. कापराच्या वजनातला जवळपास ७९ टक्के भाग कार्बनचा आहे, आणि वाफ इतक्या वेगानं निघते की तो सगळा जळायला हवा पुरत नाही. म्हणून तर कापराच्या ज्योतीवर ताटली धरून काजळ पाडायची पद्धत होती.

एक प्रयोग सांगतो. मुलांना जवळ घेऊन जरूर करा. एक पसरट ताटली साबणानं घासा आणि साबणाचा अंशही राहणार नाही इतकी खळखळून धुवा. तीत स्वच्छ पाणी भरा आणि कापराचे बारीक कण वर सोडा. ते गरगर फिरायला लागतात, इकडून तिकडे पळतात. कापूर पाण्यात अगदी थोडा विरघळतो. जिकडून विरघळतो तिकडचा पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या वरच्या थराची ओढ, कमी होते आणि दुसरी बाजू त्या कणाला ओढून नेते. मग तेलाचं बोट पाण्याला लावा. सगळे कण जागच्या जागी थांबतात! लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९० साली हा खेळ मोजमापाला लावला. ८४ सेंटिमीटर रुंदीच्या पसरट भांड्यातलं कापराचं फिरणं थांबवायला ऑलिव्हचं तेल किती लागतं? सुमारे ०.८ मिलिग्रॅम. तेवढं तेल तेवढ्या पाण्यावर पसरलं, तर थराची जाडी येते मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपटीहून थोडी अधिक. थर काही एका रेणूहून पातळ होऊ शकत नाही, म्हणून रेणूचा आकार केवढा, याचा अंदाज माणसाला देणारा हा प्रयोग आपल्या देवघरातल्या कापरावर झाला.

याच ताटलीत आणखी एक परीक्षा होते. कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅप्थलीन, पाण्यात बुडतात. कापूर तरंगतो.

मूळचा कापूर झाडाचा. चीन, जपान, तैवानमधल्या कर्पूरवृक्षाच्या लाकडाच्या ढलप्या वाफेवर ऊर्ध्वपातित करून तो काढत. आपल्या जुन्या बोलीतला ‘बरास’ मात्र वेगळा. सुमात्राच्या बारूस बंदरावरून आलेलं ते नाव, आणि तो पदार्थ म्हणजे बोर्निऑल. दुसऱ्याच जातीच्या झाडाचा, रेणूत दोन हायड्रोजन जास्त असलेला. भीमसेनी म्हणत तेही त्यालाच. आज त्या नावानं मिळतो तो पुष्कळदा साधा कापूरच असतो. बाजारातला बहुतेक कापूर टर्पेन्टाइनपासून कारखान्यात तयार होतो. यात फसवणूक मुळीच नाही, रेणू तोच आहे. फरक एवढाच की डावा आणि उजवा हात जसे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा, तशा या रेणूच्या दोन घडणी असतात; कर्पूरवृक्षाच्या कापराचे सगळे रेणू एकाच हाताचे असतात, आणि कारखान्यातल्या कापरात डावे-उजवे निम्मे निम्मे.

कारखाने उभे राहिले ते पूजेसाठी नव्हे, सेल्युलॉइड नावाच्या प्लॅस्टिकसाठी. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन हायट यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसासारख्या तंतूंत, कापूर मिसळला आणि ते तयार झालं. कंगवे, बाहुल्या, आणि पुढे सिनेमाची फिल्म. जगाची कापराची भूक एवढी वाढली की तैवान ताब्यात आल्यावर जपाननं १८९९ मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्ता बसवला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत दाखवला, त्या काळची फिल्म हीच. तिच्या लवचीकपणात कापूर होता. आणि वर्षं गेली तसा, डबीतून उडतो तसाच, तो फिल्ममधूनही उडत राहिला. जुन्या रिळा आक्रसतात आणि कडक होऊन मोडतात, त्यामागचं हे एक कारण.

सर्दीत कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. मोजून पाहिलं तेव्हा नाकातला हवेचा मार्ग तेवढाच निघाला. कापूर तिथल्या मज्जातंतूंना चेतवतो आणि आपल्याला गार, मोकळं वाटतं. मोठ्या माणसाला तेवढाही दिलासा पुरतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र माझी कळकळीची विनंती आहे. कापूर घातलेलं तेल त्याच्या छातीला चोळू नका, नाकाशी कापराची पोटली धरू नका. जो रेणू डबीतून इतक्या सहज निसटतो, तो त्वचेतून आणि श्वासातूनही तसाच सहज आत शिरतो.

आमच्या नात्यातल्या एका घरी दोन वर्षांच्या मुलीनं देवघरातली कापराची वडी खडीसाखर समजून तोंडात टाकली. पाऊण तासाच्या आत तिला झटके आले. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली. एक ग्रॅमच्या आसपासचा कापूरही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. असं कधी झालंच तर उलटी करवायला बसू नका, घरगुती उपाय नको. डबी बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

त्या घरातला कापूर आता फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत असतो, मोठ्यांचाच हात पोचेल अशा फळीवर. आरतीची वेळ झाली की कुणीतरी एक वडी खाली काढून देतं आणि झाकण पुन्हा घट्ट फिरवतं.

नमस्कार.