न्यायाचा ऊरपट

श्रोते बंधू-भगिनींनो, सलाम.

देव सगळ्यांचा न्याय करील तो न्यायाचा दिवस म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो. लहानपणी माझ्याही यायचा. उघडलेली पुस्तकं, आणि त्यांत आपलं काय काय लिहून ठेवलं असेल ही धाकधूक! ती पुस्तकं बायबलात दानीएलाच्या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात आहेतच, ती मी खोडणार नाही. पण आज बायबलातल्याच निर्गम या पुस्तकाचा 28 वा अध्याय काढा. कापडाची मापं, रत्नांची नावं, म्हणून आपण तो भराभर उलटून टाकतो.

प्रमुख याजकाच्या, म्हणजे मुख्य पुरोहिताच्या, छातीवर एक दुहेरी कापड असे. वीतभर लांब, वीतभर रुंद. त्यावर तीन-तीन रत्नांच्या चार रांगा, आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या एकेका मुलाचं नाव, मुद्रा कोरतात तसं कोरलेलं. शाई पुसता येते. दगडातलं नाव काढायचं तर दगडच फोडावा लागतो. बरं, ही नावं काही सज्जनांची नाहीत. रऊबेनानं बापाची अब्रू घालवली, शिमोनानं तलवार चालवली, भावाला विकू या असं सुचवणारा यहूदा. तरी ही नावं काळजावर घेऊनच प्रमुख याजक अहरोन पवित्रस्थानात जाई. या कापडाला शास्त्रात नाव काय आहे? न्यायाचा ऊरपट! तो जागचा हलू नये म्हणून निळ्या फितीनं बांधायचा, हेही लिहिलंय.

आता नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र. निवासमंडपात, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूत, समई होती, मेज होतं, धूपवेदी होती. याजकासाठी आसन मात्र सांगितलेलं नाही. रोज उभं राहायचं, रोज तेच यज्ञ. हे पत्र ख्रिस्तालाच आपला प्रमुख याजक म्हणतं, आणि तो एकदाच स्वतःचं अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. म्हणजे स्वस्थ बसला का? नाही. यज्ञ संपला, मध्यस्थी चालू आहे. 9 व्या अध्यायाच्या 24 व्या वचनात तो आपल्यासाठी 'आता' देवासमोर आहे असं म्हटलंय. 'आता' म्हणजे तुम्ही हे ऐकताय तेव्हाही.

आणि पित्यानं सगळा न्याय सोपवला तो ह्याच पुत्राकडे, योहान 5:22. कोणी म्हणेल, आपली बाजू मांडणारा कैवारीच न्यायाधीश झाला तर तो न्याय कसला? प्रश्न रास्त आहे. पण हा कैवारी गुन्हा लपवत नाही, कागद फाडत नाही. शिक्षा त्यानं स्वतः क्रूसावर भोगलीय. त्याच्या हातांवर व्रण आहेत.

ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला विचारा, न्याय हवा की नको. 96 व्या स्तोत्रात देव न्याय करायला येतो म्हणून वनातली झाडं आनंदानं गातात. आपणच का थरथरावं?

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात जखऱ्या नावाचा याजक धूप जाळायला मंदिरात जातो. त्याला आत उशीर होतो. बाहेर लोक वाट पाहत, नवल करत थांबलेले. एवढा वेळ का लागला? त्याच अंगणात आज आपण आहोत. आपला याजक अजून आत आहे, नावं काळजावर घेऊन. वाट पाहणाऱ्यांना तो दुसऱ्यांदा दिसेल, असं इब्री 9:28 सांगतं. तोच बाहेर येईल.