फवारा जातो कुठे?

[दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर इनहेलर. बोट डबी दाबतं. पांढरा फवारा सुटतो आणि क्षणात विरतो.]

दम्याचं औषध घेताना दिसतं ते एवढंच. फुस्स, आणि संपलं. पण या फवाऱ्यातलं औषध फुफ्फुसात पोचतं की जिभेवर बसतं, हे पुढच्या चार-पाच सेकंदांत ठरतं. चांगल्या पद्धतीने घेतला तरी बराचसा भाग तोंडात आणि घशातच राहतो. वाईट पद्धतीने घेतला, तर जवळपास सगळाच.

[दृश्य: डबी प्लास्टिकच्या खोळीतून बाहेर काढली जाते.]

ज्याला सगळे 'पंप' म्हणतात, त्याचे मुख्य भाग दोन. ही धातूची डबी आणि ही प्लास्टिकची खोळ. डबीत दाबाखाली द्रवरूप झालेला वायू असतो आणि बहुतेक पंपांमध्ये औषधाचे कण त्यात तरंगत असतात. ठेवून दिला की हे कण एक तर तळाशी बसतात, नाही तर वर येतात. म्हणून आधी हलवायचा. न हलवता दाबला तर कधी औषध कमी येतं, कधी जास्त.

डबीच्या तोंडाशी झडप आहे आणि झडपेत एका डोसाचं माप भरणारा छोटा कप्पा. दाबलं की कप्पा रिकामा होतो, बोट सोडलं की पुन्हा भरतो. तो भरायला झडप खालच्या बाजूला हवी. आडवं पडून पंप मारणाऱ्याला पुरा डोस मिळत नाही, तो यामुळेच. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी दोन-चार फवारे हवेत सोडायचे. नेमके किती, ते माहितीपत्रकात असतं.

[दृश्य: बाजूने चेहरा, संथ गतीत.]

आता श्वास. ताठ बसायचं, झाकण काढायचं. पंपाच्या तोंडात काही अडकलं नाही ना, हेही बघून घ्यायचं. खिशातला कचरा श्वासाबरोबर आत गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. श्वास पूर्ण सोडायचा. पंपाचं तोंड तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटायचे, जीभ खाली. श्वास आत घ्यायला सुरुवात करायची आणि त्याच क्षणी दाबायचं. पुढे संथ, खोल, तीन ते पाच सेकंद ओढत राहायचं. मग दहा सेकंद श्वास रोखायचा. झेपत नसेल तर जमेल तेवढा.

घोटाळा इथेच होतो. कुणी आधी दाबतो आणि मग श्वास घेतो. कुणी झटक्यात ओढतो. वेगाने आलेले कण घशाच्या वळणावर वळत नाहीत, भिंतीवर आदळतात. खाली उतरतात ते साधारण एक ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, तेही वेग कमी असेल तरच. आणि कुणाच्या घशाला फवाऱ्याचा गारवा लागतो, की श्वास आपोआप थांबतो. यात रुग्णाला दोष देण्यात अर्थ नाही. हात आणि श्वास एका क्षणी जुळवणं खरंच अवघड आहे.

[दृश्य: पारदर्शक स्पेसर; आत फवारा रेंगाळतो.]

त्यावर उपाय ही पोकळ नळी, स्पेसर. मोठे कण हिच्या भिंतीवर बसतात, बारीक तेवढे तरंगत राहतात, आणि वेळ जुळवण्याची कसरत संपते. 'स्पेसर लहान मुलांचा' हा समज टाकून द्यावा. मोठ्यांनाही त्याचा तितकाच उपयोग आहे. एका वेळी एकच फवारा मारायचा. मारल्यावर लगेच एक संथ खोल श्वास, किंवा नेहमीचे पाच-सहा श्वास. दुसरा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून.

स्पेसर कोरड्या फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध भिंतीला चिकटतं. म्हणून भांड्यांचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात बुडवायचा, आतून न घासता निथळत ठेवायचा. तोंडाला लागणारा भाग तेवढा पुसून घ्यायचा.

[दृश्य: पावडरचं यंत्र उघडतं, कॅप्सूल आत जाते.]

पावडरच्या पंपाचं सगळं उलटं. इथे ढकलणारा वायू नाही, औषध उडवायचं ते तुमच्याच श्वासाने. म्हणून पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढायचं. यंत्रात श्वास मात्र सोडायचा नाही. श्वासातल्या वाफेने पावडरच्या गुठळ्या होतात. ओढताना कॅप्सूल फिरल्याची घरघर ऐकू आली पाहिजे. नंतर उघडून बघायचं, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात.

[दृश्य: दोन पंप शेजारी शेजारी.]

दोन पंपांत गल्लत नको. साल्ब्युटामॉल श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करतं. काही मिनिटांत मोकळं वाटतं, असर चार ते सहा तास. बुडेसोनाइडसारखं स्टिरॉइड आतली सूज उतरवतं, पण त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, म्हणून नेमकं तेच सुटतं. 2019 पासून जागतिक दमा मार्गदर्शिका 'जीना' प्रौढांना आणि मोठ्या मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, असं सांगते. स्टिरॉइडनंतर चूळ भरून थुंकायची, नाही तर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात.

[दृश्य: डबी पाण्यात तरंगते. त्यावर लाल फुली.]

डबी पाण्यात टाकून औषध किती उरलं ते बघण्याची जुनी युक्ती बेभरवशाची आहे. औषध संपल्यावरही उरलेल्या वायूचा फवारा येतच राहतो. पंपावर आकडा असेल तर तो बघा. नसेल तर डबीवर छापलेले फवारे, समजा 200, रोजच्या फवाऱ्यांनी भागा आणि संपण्याची तारीख खोळीवर लिहून ठेवा. अधूनमधून लागणाऱ्या पंपाचे फवारे मात्र मोजूनच ठेवावे लागतात.

[दृश्य: ताठ बसलेली व्यक्ती, हातात स्पेसर.]

अटॅक आला तर डॉक्टरांनी लिहून दिलेला आराखडा आधी. तो नसेल तर आडवं न होता ताठ बसायचं. साल्ब्युटामॉलचा एकेक फवारा, शक्यतो स्पेसरमधून, दर अर्ध्या ते एक मिनिटाने, जास्तीत जास्त दहा. उतार पडला नाही तर रुग्णवाहिका. एक वाक्य पुरं बोलवत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर दहा मोजत बसायचं नाही. रुग्णवाहिका आधी बोलवायची आणि ती येईपर्यंत फवारे चालू ठेवायचे.