निविदेतल्या आकड्याआधी मजुरीचा तक्ता

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. अर्धवट उभी इमारत, परांचीवर चढलेले मजूर.)

अमेरिकेतलं लाँग आयलंड, १९२० चं दशक. माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालय बांधायचं होतं. सगळ्यात कमी दराची निविदा होती अलाबामाच्या एका ठेकेदाराची. त्याने मजूरही दक्षिणेतूनच आणले, स्थानिक दराहून कमी मजुरीवर. तिथले खासदार रॉबर्ट बेकन यांनी ही हकिगत काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर ठेवली आणि १९२७ मध्ये विधेयक मांडलं.

त्या मजुरांत कृष्णवर्णीय होते, आणि विधेयकाची बाजू घेणाऱ्या काही सदस्यांच्या बोलण्यात वंशद्वेष उघड होता. हे वगळून या कायद्याची गोष्ट सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही.

पुढे सिनेटर जेम्स डेव्हिस यांची साथ मिळाली. ३ मार्च १९३१ रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांची सही झाली आणि डेव्हिस-बेकन कायदा अस्तित्वात आला: सरकारी बांधकामावर त्या भागातल्या प्रचलित दराहून कमी मजुरी द्यायची नाही. किती रकमेच्या पुढच्या कंत्राटाला तो लागू होतो, ती मर्यादा १९३५ मध्ये २,००० डॉलरवर आणली गेली. ती आजही तेवढीच आहे, म्हणजे संघराज्य सरकारचं जवळपास प्रत्येक बांधकाम त्यात येतं.

(दृश्य: टेबलावर निविदेची कागदपत्रं. बोट एका तक्त्यावर थांबतं.)

हा तो तक्ता. कोणत्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात), कोणत्या कारागिराला तासाला किती, हे कामगार खातं ठरवतं. इमारत, घरं, महामार्ग, अवजड कामं, प्रत्येकाचे दर वेगळे. निविदा भरणाऱ्याने आधी हा कागद वाचावा, सिमेंट-सळईचा हिशेब मागाहून करावा.

दराचे भाग दोन: मूळ मजुरी आणि लाभ. लाभांची भर १९६४ मध्ये पडली. समजा मूळ मजुरी ३० डॉलर आणि लाभ १२. ठेकेदाराने ४२ डॉलर रोख द्यावेत, नाहीतर ३० रोख देऊन १२ आरोग्यविमा किंवा निवृत्तिवेतनाच्या खऱ्याखुऱ्या योजनेत भरावेत. रोख दिले की त्या १२ वरही पगाराशी जोडलेले कर लागतात. योजनेत भरले तर सहसा लागत नाहीत. म्हणजे मजुरांच्या आरोग्याची सोय आधीच केलेल्या ठेकेदाराला आपला आकडा कमी ठेवता येतो. या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

गडबड होते ती वर्गवारीत. माणूस दिवसभर सुतारकाम करतो आणि कागदावर त्याची नोंद बिगारी म्हणून होते. तासामागे वाचलेले ते डॉलर त्याच्याच घामाचे असतात. शिकाऊ म्हणून कमी दर द्यायचा, तर तो मुलगा नोंदणीकृत प्रशिक्षणात असावा लागतो. नुसतं वय कमी असून भागत नाही. उपकंत्राटदाराने मजुरी बुडवली, तरी जबाबदारी मुख्य ठेकेदारावर येते. सरकार त्याचं बिल अडवू शकतं, आणि तीन वर्षं सरकारी कामांतून बाद होण्याची वेळही येऊ शकते.

(दृश्य: बांधकामाची जागा, सकाळ. फलकावर तोच तक्ता, सर्वांना दिसेल असा.)

दर आठवड्याला पगारपत्रक सादर होतं, ते खरं असल्याच्या सहीनिशी. कधी तपासनीस कामावर येतो. मजुराला बाजूला घेऊन विचारतो: तुम्ही काय काम करता? तासाला किती मिळतात? हातात कोणती हत्यारं असतात?

उत्तरं लिहून घेतो, आणि तो कागद त्याच आठवड्याच्या पगारपत्रकाशी ताडून पाहतो.