कोटेशनवरची चार अक्षरं : पेसमेकर घेण्याआधी एवढं वाचा

(हातातला कागद कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी. हा कागद बघा. माझी आत्या घेरी येऊन ओट्यापाशी पडली. ईसीजीत ठोके मिनिटाला ३६. डॉक्टर म्हणाले, पेसमेकर. संध्याकाळी हे कोटेशन हातात. व्हीव्हीआयआर, डीडीडीआर, डीडीडीआर एमआरआय. तीन ओळी, तीन किमती. घरातले सगळे किमतीच्या रकान्यात अडकलेले. मी म्हटलं, आधी अक्षरं वाचूया.

पहिलं अक्षर सांगतं, यंत्र हृदयाच्या कुठल्या कप्प्याला चालना देतं. व्ही म्हणजे खालचा, म्हणून यंत्रातून हृदयात जाणारी वायर एक; डी म्हणजे वरचा-खालचा दोन्ही, म्हणून वायरी दोन. दुसरं अक्षर, कुठल्या कप्प्याचं ऐकतं. तिसरं, ऐकून काय करतं. इथला आय म्हणजे हृदयाचा स्वतःचा ठोका आला की यंत्र गप्प. शेवटचा आर म्हणजे तुम्ही जिना चढायला लागलात की ठोके वाढवणारं.

आता आत्याला आहे कायमचं एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे नुसते थरथरतात. तिथे वायर टाकून ऐकणार काय, कपाळ? तिला एकच वायर पुरते, म्हणजे व्हीव्हीआयआर. दुसरी म्हणजे जादा खर्च आणि ती वायर सरकायची धास्ती.

पण थांबा, हाच हिशोब शेजारच्या काकांना लावू नका! सायनस नोड, म्हणजे वरच्या कप्प्यातली ठोके सुरू करणारी जागा, आजारी असेल, तर सहसा दोन वायरींचा पेसमेकरच बरा. तिथे फक्त खालचा कप्पा चालवला, तर फिब्रिलेशन जडायची शक्यता वाढते. एव्ही ब्लॉकचं, म्हणजे वरून खाली जाणारा संदेश वाटेत अडतो त्याचं, आणखी वेगळं. ब्रिटनमध्ये अशा सत्तरीपुढच्या २,०२१ रुग्णांवर अभ्यास झाला, २००५ साली छापून आला. एक वायर की दोन, मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: "वरचा कप्पा नीट चालतोय का? दुसऱ्या वायरीने ह्यांना नेमका काय फायदा?"

एमआरआयवाला, म्हणजे बसवल्यावरही एमआरआय तपासणी करता येईल असा, घेत असाल तर डबी (बॅटरी असलेलं मुख्य यंत्र) आणि वायरी, दोन्ही त्याला चालणाऱ्या हव्यात. नुसती डबी घेऊन भागत नाही.

आणि हो, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसतो. पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनिसाला, गाठा.

बसवल्यावर साधारण तीन महिन्यांनी तपासणीला जायचंच. तोवर वायर स्थिरावते, मग बऱ्याच जणांचा करंट कमी करता येतो आणि बॅटरी जास्त वर्षं टिकते. आत्या म्हणाली, "आता बरं वाटतंय, कशाला जायचं?" रिक्षा बोलावूनच नेली.