हेडलाइटची काच : ८०० ते ३०००

(दृश्य : पिवळी हेडलाइट, अगदी जवळून)

सगळे हिला काच म्हणतात, पण हे पॉलीकार्बोनेट. प्लास्टिकच. वर कारखान्यात दिलेला पातळ संरक्षक थर असतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की दोष उन्हाळ्याला मिळतो. थर खातात ती अतिनील किरणं, उष्णता फक्त घाई करते.

अख्खी हेडलाइट बदलण्याआधी तिच्यावर पाणी ओता. ओली असताना काच स्वच्छ दिसली, तर खराबी बाहेरच आहे. म्हणजे निघते.

(दृश्य : बादली, पेपर, मास्किंग टेप)

आजूबाजूच्या गाडीच्या रंगावर टेपचे दोन पदर. वॉटर पेपर, म्हणजे ओला घासायचा सँडपेपर, दहा मिनिटं भिजवलेला, पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. नख ओरखड्यात अडकलं किंवा पापुद्रे सुटलेले असले तर ८०० नंबर (नंबर जितका मोठा, पेपर तितका बारीक). नुसता धूसरपणा असेल तर थेट १५००.

(दृश्य : ओघळणारं पाणी)

हे पाणी बघा. आधी पिवळसर, तो जुना थर. पांढरं, दुधाळ झालं की खालचं प्लास्टिक लागलं. इथे ८०० थांबवायचा.

८०० आडवा, १२०० उभा, २००० पुन्हा आडवा, ३००० उभा. दिशा बदलली की मागच्या पेपरच्या रेघा राहिल्यात का ते कळतं. दर वेळी काच पुसून, तिरक्या उजेडात बघायची. मधला नंबर गाळला, तर त्या रेघा नंतर कंपाउंडने, म्हणजे पॉलिशच्या पेस्टने, जात नाहीत, कितीही घासा.

(दृश्य : बफिंग)

फोमचा पॅड, मशीन मंद, हात सतत फिरता. एका जागी थांबला की प्लास्टिक मऊ पडून पांढरा डाग उमटतो, आणि तेवढ्या भागासाठी पुन्हा पेपरपासून सुरुवात. म्हणूनच हे काम सकाळी सातला, कडुलिंबाच्या सावलीत चाललंय.

पुसायला थिनर नको, केसासारख्या भेगा पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. वर अतिनील किरणं अडवणाऱ्या क्लिअर कोटचे दोन पातळ हात. ते टाळले तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी. नालीत गेलेलं ते दुधाळ पाणी म्हणजे प्लास्टिकची भुकटी, हेही खरं.

मोबाइलच्या स्क्रीनवर हा प्रयोग नको. ती खरी काच, तिचा बोटांचे डाग टाळणारा थरच जातो. हेल्मेटची व्हायझर मात्र सरळ बदला.

(दृश्य : रात्र, कंपाउंडची भिंत)

डावी घासलेली. उजवी अजून तशीच.