दिवसा पंखा, रात्री दूध

नमस्कार मंडळी! आज बोलूया वरचं खाणं सुरू झालं की बाळं रात्री जास्त का उठतात त्यावर. घास सुरू झाले म्हणजे आता रात्रभर झोपेल असं सगळ्यांना वाटतं, आणि पुष्कळदा होतं बरोब्बर उलटं.

माझ्याच लेकाचं सांगते. सात महिन्यांचा होता, साडेअकरा, दीड, तीन, पाच, ड्युटी लावल्यासारखा उठायचा. सासूबाई म्हणाल्या भूक लागतेय गं त्याला, झोपताना वाटीभर भरव. भरवलं. तर रात्रभर पोट टम्म, पाय पोटाशी घेऊन रडतोय आणि पुढचे दोन दिवस शी नाही. मग वैतागून मी फ्रिजवर कागद चिकटवला, तो कधी आणि किती वेळ प्यायला ते लिहायला लागले, नवऱ्यालाही लावलं, त्याचं अक्षर अजून कुणाला लागलेलं नाही ते सोडा. तिसऱ्या दिवशी बघते तर दिवसाची बाजू जवळजवळ कोरी! साहेब दुपारी दोन घोट घ्यायचे की पंख्याकडे बघत बसायचे, बेल वाजली की मान तिकडे, आणि त्यात मी दुधाच्या आधीच केळं कुस्करून पोट भरून टाकत होते. मग दिवसाची उधारी रात्री वसूल, अंधारात पंखा दिसतच नाही ना!

तर आधी दूध, मग घास. परत सांगते, आधी दूध, मग घास. सहा ते आठ महिन्यांत मुख्य पोषण दुधाचंच असतं, खाणं दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून हळूहळू दिवसातून दोन-तीनदा. दिवसा पाजताना खोलीत अंधार, फोन लांब. फोन दाखवून भरवणाऱ्यांचा तर मला भयंकर राग येतो, मोठी माणसं पण तशीच जेवतात म्हणा. आणि बाटलीत पीठबीठ कालवून देऊ नका, त्याने झोप वाढत नाही, घशात अडकायची भीती मात्र असते. वजन वाढत नसेल, लघवी कमी होत असेल तर सरळ डॉक्टरकडे.

आमचं चार-पाच दिवसांत साडेअकरा आणि तीन सुटलं. दीडचं मात्र पार अकराव्या महिन्यापर्यंत चाललं, दात म्हणा, रांगणं म्हणा, काहीतरी असायचंच, आणि पाचला तर तो अजूनही उठतो, आता शाळेत जातो तरी.